काठावर बसून भीती जात नाही

पाण्यात पाय सोडून बसलेली माणसं मला एकच वाक्य ऐकवतात. "मॅडम, आज राहू दे. भीती थोडी कमी झाली की उतरतो." मोठ्या माणसांना पोहायला शिकवायला लागून मला आता १६ वर्षं झाली. पंचविशीतल्या मुलांपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत कितीतरी जणांनी हे वाक्य म्हटलंय, आणि त्यातल्या एकाचीही भीती काठावर बसून कमी झालेली मी पाहिलेली नाही. उलट बसलं की ती वाढतच जाते. पाणी जास्त खोल वाटायला लागतं, तलाव लांबच्या लांब दिसतो, शेजारून एखादं सहा वर्षांचं पोर सपासप हात मारत गेलं की स्वतःची लाज वाटते. मग पाय पुसून लोक घरी जातात, आणि त्यांतले बरेचसे परत येत नाहीत.

मला हे आतून माहीत आहे. मी नऊ वर्षांची असताना घरातल्याच एका मोठ्या माणसाने मला मागून पाण्यात ढकललं. ढकललं की आपोआप हातपाय मारता येतात, हा त्यांचा ठाम समज. नाकातोंडात पाणी गेलं, दोन गटांगळ्या खाल्ल्या, कुणीतरी केसांना धरून वर काढलं. त्यानंतर पंचवीस वर्षं मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नाही. चौतिसाव्या वर्षी शिकले. ज्यांच्याकडे शिकले त्या बाईंनी पहिल्या दिवशी मला पाण्यातल्या दुसऱ्या पायरीवर बसवलं आणि तासभर माझ्याशी गप्पा मारल्या. बाकी काही केलं नाही. त्या दिवशी मी घरी परत आले ती पुढच्या दिवसाची वाट बघत.

गाडी चालवणं असो, वरिष्ठांकडे पगारवाढ मागणं असो, तपासणीचा रिपोर्ट आणायला जाणं असो, चारचौघांत बोलणं असो की जवळच्या माणसाला 'नाही' म्हणणं असो, भीती सगळीकडे साधारण सारखीच वागते. मी उदाहरणं पाण्याची जास्त देईन, कारण पाणी मला नीट कळतं. तुम्ही त्या जागी तुमचं पाणी घाला.

आधी धोका किती ते बघा

'काही होत नाही, घाबरू नकोस' असं मी कुणालाच म्हणत नाही. ते खोटं आहे आणि घाबरलेल्या माणसाला ते खोटं आहे हे लगेच कळतं. पाण्यात माणसं मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. तेव्हा जो पाण्याला घाबरतो तो वेडा नाही. त्याला फक्त एक काम करायचंय, भीती आणि धोका वेगवेगळे मांडायचे.

एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, खरोखर काय होऊ शकतं. उजवीकडे लिहा, त्यासाठी मला काय करता येईल. माझ्या वर्गात हे पहिल्याच दिवशी होतं. पाण्याचा ठाव लागला नाही तर? काठावर खोली लिहिलेली असते ती वाचायची, छातीच्या वर पाणी असेल तिथे जायचं नाही. पाय घसरला तर? एक हात कायम दांडीवर. कुणाचं लक्ष नसेल तर? जीवरक्षक जागेवर नसेल तर उतरायचंच नाही. असं लिहीत गेलं की डाव्या बाजूच्या बऱ्याच ओळींसमोर उजवीकडे काहीतरी येतं. ज्या ओळींसमोर काहीच येत नाही त्या बहुतेक अशा असतात: 'लोक हसतील', 'खालून कुणी पाय ओढेल', 'मला जमणारच नाही'. त्या ओळींत धोका नाही, नुसती भीती आहे. तिचं काय करायचं ते पुढे येईलच, पण तिची आणि बुडण्याची एक मोट बांधू नका.

उलटही होतं आणि ते जास्त घातक. जिथे धोका आहे तिथे भीतीच वाटत नाही. कमरेएवढ्या पाण्यात थरथरणाऱ्या बाईची मला फारशी काळजी नसते. ती दांडी सोडणार नाही. मला काळजी असते ती चांगलं पोहणाऱ्या पोरांची, जी भराभर दहा-बारा मोठे श्वास घेतात आणि पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची पैज लावतात. श्वास घ्यायची जी तगमग होते ती मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्यामुळे होत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. भराभर श्वास घेऊन तो वायू आधीच बाहेर टाकला की तगमग उशिरा होते, तोवर ऑक्सिजन संपत येतो, आणि मुलगा काहीही न जाणवता पाण्याखाली बेशुद्ध होतो. धोक्याची घंटाच काढून टाकलेली असते. हे दिसलं की मी शिट्टी मारते आणि सगळ्यांना बाहेर काढते, मग कुणाला राग आला तरी चालेल.

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विमानांचे हल्ले झाले त्यानंतर असंख्य लोकांनी विमान सोडून लांबचा प्रवास मोटारीने करायला सुरुवात केली. गेर्ड गिगरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नंतर हिशोब मांडला. पुढच्या बारा महिन्यांत त्यामुळे रस्त्यावर सुमारे १,५०० जास्तीचे मृत्यू झाले असा त्याचा अंदाज आहे. ही माणसं बेफिकीर नव्हती. घाबरून, जपून, ती जास्त धोक्याच्या वाटेला लागली. रिपोर्टला घाबरून तपासणी टाळणारा माणूस हेच करत असतो. रिपोर्ट न आणल्याने आजार थांबत नाही, तो फक्त कळायचा राहतो.

अंग काय करतंय ते ओळखा

छातीत धडधड, तोंडाला कोरड, तळहात गार, पोटात गोळा, मध्येच लघवीला जावंसं वाटणं. पहिल्या दिवशी हे सगळं होतं आणि लोकांना वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. तसं काही नाही. लढायचं किंवा पळायचं याची ती तयारी असते. अॅड्रिनलिन सुटतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शंभर वर्षांपूर्वीच, १९१५ मध्ये, हे सविस्तर मांडलं होतं. यंत्र बिघडलेलं नाही, चालू आहे.

त्यात आपण एक मात्र स्वतःहून बिघडवतो, ते म्हणजे श्वास. घाबरलेला माणूस श्वास धरून ठेवतो. पाण्यात तोंड घालायला सांगितलं की गाल फुगवून, डोळे मिटून, श्वास कोंडून आत जातो आणि तीन सेकंदांत उसळून वर येतो. त्याला वाटतं हवा संपली. हवा छातीत भरपूर असते, ती सोडलेलीच नसते. म्हणून मी आधी श्वास सोडायला शिकवते. तोंड पाण्यात, नाकातून सावकाश बुडबुडे, 'हं' असा आवाज काढत. पाच बुडबुड्यांचे फेरे झाले की खांदे खाली येतात, मला काठावरून दिसतात.

जमिनीवरही हेच करा. फोन लावण्याआधी, दार वाजवण्याआधी, व्यासपीठावर नाव पुकारण्याआधी. चार मोजत श्वास घ्या, सहा किंवा आठ मोजत सोडा. घेण्यापेक्षा सोडणं लांबलं पाहिजे, एवढंच लक्षात ठेवा. असं सहा-सात वेळा. आणि जे होतंय ते शब्दांत म्हणा, मनात म्हटलं तरी चालतं: "मला भीती वाटतेय. छाती धडधडतेय. हात गार झालेत." भावनेला नाव दिलं की तिचा जोर थोडा ओसरतो, हे मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या प्रयोगांतही दिसलेलं आहे. 'मी घाबरलेलीच नाही' असं स्वतःला बजावत राहणाऱ्यांचं मात्र मी कधी नीट झालेलं पाहिलं नाही.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तो फार कमी जणांना ठाऊक असतो. रक्त किंवा सुई बघून ज्यांना घेरी येते त्यांच्यात आधी ठोके वाढतात आणि मग रक्तदाब एकदम खाली येतो. त्यांनी अंग सैल सोडलं की चक्कर लवकरच येते. त्यांनी उलट करायचं. हात, पाय, पोट घट्ट आवळायचं, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग वीस-तीस सेकंद नेहमीसारखं बसायचं आणि पुन्हा आवळायचं. असं पाच वेळा. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ही पद्धत बसवली. माझी एक विद्यार्थिनी रक्ततपासणीला दर वेळी कोसळायची. फक्त ज्या हाताला सुई टोचायची तो हात मोकळा सोडून बाकीचं अंग तिने आवळायला सुरुवात केली. आता ती एकटी जाते आणि चालत परत येते.

परत उभं राहायचं आधी शिका

मी तरंगायला शिकवण्याआधी तरंगतानाचं उभं राहणं शिकवते. पुष्कळ ठिकाणी हे उलटं चालतं आणि तिथेच माणसं कायमची घाबरतात. पहिल्यांदा पाय तळापासून सुटले की शरीर आडवं होतं, आणि आडव्या माणसाला उभं कसं व्हायचं ते कळत नाही. पाणी कमरेएवढंच असतं, पण त्या दोन सेकंदांत ते समुद्राएवढं होतं.

करायचं असं. पोटावर आडवे आहात, हात पुढे आहेत. दोन्ही गुडघे पोटाशी ओढून घ्या, मुटकुळं करा. त्याच वेळी दोन्ही तळवे पाण्यावर खाली दाबा, टेबलावर हात टेकून उठतो तसे. मान वर येते, पाय आपोआप खाली जातात. तळ लागला की मग गुडघे सरळ करा. आधी नाही. आधी सरळ केले की पाय पुन्हा मागे तरंगतात. हे मी वीसदा, तीसदा करून घेते. कंटाळा येईपर्यंत. ज्याला उभं राहायचा कंटाळा आला, तो तरंगायला तयार झाला.

तुमच्या कामात 'परत उभं राहणं' काय आहे ते शोधा. मला वाटतं आत्मविश्वासाचा बराचसा भाग यातच असतो. भाषण असेल तर पहिली दोन वाक्यं तोंडपाठ हवीत, आणि मध्येच सगळं विसरलं तर काय म्हणायचं तेही: "एक मिनिट, मी माझी टिपणं बघतो." हे वाक्य मोठ्याने म्हणून घरी सराव करा. अपघातानंतर पुन्हा गाडी हातात घेत असाल तर रस्त्यात कुठे कुठे गाडी कडेला घेता येते त्या तीन जागा आधी पायी जाऊन बघा. नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर किती महिने आणि किती पैसे एवढं आधीच लिहून ठेवा, म्हणजे कधी परतायचं याचा निर्णय घाबरलेल्या मनाने घ्यावा लागणार नाही. नको असलेल्या बैठकीतून कसं उठायचं, भांडण चढत गेलं तर कुठे थांबायचं, हेही त्यातच येतं. परतीची वाट ठाऊक असणारा माणूस भित्रा ठरत नाही. तोच पुढे जास्त लांब जातो, हे मी दर तुकडीत बघते.

आता उतरा, आणि तिथेच थांबा

भीती पायऱ्यापायऱ्यांनी जाते, हे मी शोधलेलं नाही. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. मुलगा आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणायचा, मग दिवसागणिक थोडा जवळ, मग पिंजऱ्याबाहेर. शेवटी पीटर त्याला कुरवाळायला लागला. यात कुणी ससा एकदम त्याच्या मांडीवर टाकला नाही.

पण पायऱ्या करणं सोपं आहे. अवघड आहे ते पायरीवर थांबणं. एक प्रसंग सांगते.

माझ्याकडे एक काकू आल्या, अडुसष्ट वर्षांच्या. नातीबरोबर पाण्यात उतरायचं एवढी एकच इच्छा. सहावा दिवस होता, कमरेएवढं पाणी, दोन्ही हात दांडीवर. बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी विचारलं, "काकू, शून्य ते दहामध्ये भीती किती?"

"नऊ. मला वर घे."

"काय होईल असं वाटतंय?"

"पाय सटकेल आणि मी तोंडावर पडेन."

"बरं. मी इथे हाताच्या अंतरावर आहे. सटकतो का ते बघू या."

त्या काही बोलल्या नाहीत. मीही गप्प राहिले. दोन मिनिटांनी विचारलं तर आठ. चौथ्या मिनिटाला त्यांचा डावा अंगठा दांडीवरून उचलला गेला, त्यांच्या लक्षातही आलं नाही. सहाव्या मिनिटाला त्यांनी पलीकडच्या रांगेतल्या बाईंची टोपी सरळ नाही असं मला सांगितलं. आठव्या मिनिटाला आकडा पाच होता.

"आता बाहेर येऊ या का?"

"थांब ना जरा," काकू म्हणाल्या.

नवावर बाहेर काढलं असतं तर त्यांचं मन एकच गोष्ट शिकलं असतं: बाहेर पळाले म्हणून वाचले. पळाल्यावर जे हायसं वाटतं ना, जीव भांड्यात पडतो, तेच भीतीचं खतपाणी. प्रत्येक टाळलेला फोन, प्रत्येक रद्द केलेली भेट क्षणभर सुख देते आणि पुढची भेट आणखी जड करते. म्हणून पायरी अशी निवडा की आकडा चार ते सहाच्या आसपास सुरू होईल. तो चढला तरी थांबा, थोडा तरी उतरल्यावर निघा. काही वेळा तो उतरत नाही, असेही दिवस असतात. तेव्हा सुद्धा एक गोष्ट विचारायची राहते: जे होईल असं वाटलं होतं ते झालं का? काकूंचा पाय सटकला नव्हता. मी त्यांना ते मोठ्याने म्हणायला लावलं. उतरण्याआधी अंदाज बोलून दाखवणं आणि नंतर तो तपासणं, ही सवय लावून घ्या. आकडा खाली येण्यापेक्षाही ती जास्त कामाची आहे.

फोनची धास्ती असेल तर पायऱ्या अशा असू शकतात: आधी एखाद्या दुकानाला फोन करून फक्त वेळ विचारायची, मग ओळखीच्या माणसाला विनाकारण फोन, मग एखादी तक्रार नोंदवायची, मग तो फोन जो महिनाभर लावायचा राहिलाय. पायऱ्या किती, हे तुमचं तुम्ही ठरवा. एखादी फार उंच वाटली तर मध्ये आणखी एक घाला, त्यात कमीपणा नाही. मात्र रोज एक तरी पायरी चढा. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज वीस मिनिटं केलेलं जास्त लवकर अंगात मुरतं, असा माझा अनुभव आहे.

आणि फुगे. दंडाला लावायचे हवेचे फुगे मी सुरुवातीला खुशाल देते. पण मग रोज थोडी हवा कमी करते, सांगून. शेवटी फुगा दंडाला नुसता लटकत असतो आणि माणूस तरंगत असतो. तुमचेही फुगे असतील. कायम कुणालातरी बरोबर नेणं, दार लागलं का ते चारदा बघणं, बोलताना कागदावरून मान वर न करणं. एकदम फेकू नका, पण हवा कमी करत जा. नाहीतर सगळं श्रेय फुग्यालाच जातं.

मध्येच घाबरगुंडी उडाली तर

थंड पाण्यात अचानक पडलं की धाप लागते, हातपाय जिवाच्या आकांताने मारावेसे वाटतात. तेव्हा पाठीवर होऊन, मान मागे टाकून, नुसतं तरंगायचं. पहिली मिनिट-दीड मिनिटाची धाप ओसरते आणि मग काय करायचं ते सुचतं. पोहायचा, ओरडायचा निर्णय त्यानंतर.

संतापलेला निरोप आला, वाईट बातमी कळली, बैठकीत कुणी अपमान केला, तर पहिलं दीड मिनिट मी काहीही ठरवत नाही. उत्तर लिहीत नाही, राजीनामा देत नाही. पाय जमिनीवर, श्वास बाहेर. एवढंच.

मोठा निर्णय असेल तर

पैसे गुंतवणं, गाव सोडणं, नातं तोडणं, अशा गोष्टींना पायऱ्या नेहमी पाडता येत नाहीत. तिथे मी गॅरी क्लाइन या संशोधकाची युक्ती वापरते, त्यांनी ती २००७ मध्ये मांडली. निर्णय घेण्याआधी असं धरून चाला की वर्ष उलटलंय आणि सगळं फसलंय. 'फसेल का' असं विचारायचं नाही, फसलंच आहे. आता दहा मिनिटं बसून लिहा, का फसलं. मन अशा वेळी फार स्पष्ट बोलतं. जी कारणं आली त्यांतली निम्मी तरी आजच दुरुस्त करता येतात.

त्याच कागदाच्या मागे आणखी एक लिहा: हे केलंच नाही तर वर्षभराने मी कुठे असेन? काही न करण्याचीही किंमत असते, आणि ती कुणी मागत नाही म्हणून आपण ती मोजत नाही. डॅनियल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की जेवढं मिळवल्याचं सुख होतं, त्यापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख आपल्याला जास्त बोचतं. तराजू मुळातच एका बाजूला कललेला आहे हे ठाऊक असलं की दुसऱ्या पारड्याकडे मुद्दाम बघावं लागतं.

कुठे धाडस करायचं नाही

बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग हाक कुठून मारणार? तो शांतपणे जातो. अशा माणसाला पाहून तुम्ही उडी मारू नका. पट्टीचे पोहणारे सुद्धा यात जातात, कारण बुडणारा गळ्याला मिठी मारतो. काठी पुढे करा, दोर फेका, तरंगेल असं काहीही टाका, मदतीला माणसं बोलवा. माझ्या वर्गातून पोहायला शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे वदवून घेते, कारण नवा आत्मविश्वास असतानाच माणूस सर्वांत जास्त चुकतो.

पुराच्या पाण्याची भीती, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बसायची भीती, घरात हात उचलणाऱ्या माणसाची भीती, या भीतींशी सराव करायचा नसतो. त्या खऱ्या आहेत. तिथून बाहेर पडा आणि मदत मागा. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर ती भीतीच असेल असं समजून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि भीतीमुळे झोप उडाली असेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल, महिनोन्महिने तेच चाललं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. इथे सांगितल्यासारख्याच पायऱ्या ते शास्त्रशुद्ध करून घेतात आणि पुष्कळांना त्याचा गुण येतो.

ती परत येते

खंड पडला की भीती परत येते. दीड महिना न आलेला विद्यार्थी पहिल्या दिवसासारखा दांडीला चिकटतो आणि म्हणतो, "सगळं वाया गेलं." वाया जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांमध्येही हे दिसलं होतं. खाणं देण्याआधी घंटा वाजवत राहिल्याने त्यांना नुसत्या घंटेनेही लाळ सुटायला लागली होती. मग खाणं न देता घंटा वाजवत ते लाळ सुटणं बंद केलं तरी काही काळ मध्ये गेला की ती पुन्हा थोडी सुटायची. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं लिहिलं जातं. म्हणून दोन पायऱ्या खाली या आणि तिथून चढा. पहिल्यांदा सहा आठवडे लागले असतील तर दुसऱ्यांदा आठवडा पुरतो.

जागाही बदलत राहा. एकाच तलावात, एकाच कोपऱ्यात, माझ्याच हाताला धरून शिकलेलं माणसाला दुसरीकडे आठवत नाही. मी त्यांना वेगळ्या वेळी बोलवते, गर्दीत बोलवते, दुसऱ्या शिक्षकांकडे पाठवते. तुम्हीही बॉससमोर बोलायचा सराव केवळ आरशासमोर करू नका. आधी मित्रासमोर, मग कडक स्वभावाच्या एखाद्या नातेवाइकासमोर, मग न ओळखणाऱ्या माणसासमोर.

आज रात्री झोपण्याआधी एकच गोष्ट लिहा, जी तुम्ही महिनाभर टाळताय. तिच्याखाली सर्वांत खालची पायरी लिहा, इतकी खालची की वाचताना आकडा चारच्या वर जाणार नाही. मग उद्याची वेळ. 'उद्या' असं नको, 'सकाळी साडेदहा' असं.

काकू आता गुरुवारी खोल बाजूला येतात. नात शेजारच्या रांगेत असते. परवा त्या शिडी धरून उभ्या होत्या आणि मी सवयीने आकडा विचारला.

"सहा," त्या म्हणाल्या. नाकातून एकदा लांब श्वास सोडला, आणि हात काढून घेतला.